टिकलीखालचा डाग

खोली भाड्यानं बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मटण शिजवता का तेही विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझे दोन्ही कोपर निरखले आणि विचारलं, "अंगावर कुठी डाग-बिग हाय का?"

मी गडबडले. "नाही," म्हटलं.

"बरं," ते जरा हिरमुसून म्हणाले आणि घरात ओरडले, "अवं, चहा टाक. भाडेकरू आली. पन कोरी हाय!"

रिसोडला सरकारी ऑफिसात मला नुकतीच नोकरी लागली होती. घरचे कारंज्याकडचे, रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं. आतून काकूंनी चहा आणला, खोलीची किल्ली दिली आणि हळूच म्हणाल्या, "यायचं बोलनं मनावर घेऊ नको बाई. यायले मानूस दिसत नाही, कातडी दिसते."

त्याला कारण होतं. काकांना, म्हणजे घरमालकांना, कोड होतं. रंग मुळात गडद सावळा, त्यामुळे डोळ्यांभोवतीचं, ओठांच्या कडेचं आणि मनगटापासून बोटांपर्यंतचं पांढरं लांबूनही उठून दिसायचं. एस.टी.त कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस. अंगावरच्या प्रत्येक डागाला त्यांनी एकेका थांब्याचं नाव दिलं होतं. डाव्या कोपरावर रिठद, गुडघ्यावर मालेगाव, मानेवर मंगरूळ. पाठीवरचा मोठा डाग म्हणजे कारंजा. "थ्या गावाले माहा हात पोचत नाही," ते सांगायचे, "मलम लावाले तुह्या काकूले पाठवा लागते." एखादा नवा ठिपका उठला की चहाच्या वेळी जाहीर करायचे, "यंदा नवीन थांबा मंजूर झाला."

"कोनी मंजूर केला?" काकू विचारायच्या.

"वरून ऑर्डर आली."

नोकरीत असताना काही प्रवासी त्यांच्या हातातून तिकीट घ्यायचे नाहीत. सीटवर ठेवा म्हणायचे. काका ठेवायचे आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलायचे, "हात लावल्यानं हे लागत असतं ना, त आमचा अख्खा डेपो पांढरा झाला असता. ड्रायव्हरनं त माह्या डब्यातलं रोज खाल्लं. पाहा त्याच्याकडं, जसाच्या तसा काळा!" ड्रायव्हर वळून न बघता हॉर्न वाजवायचा.

मी राहायला गेले तोवर त्यांचा मुक्काम ओट्यावर हलला होता. गल्लीतून जाणाऱ्या माणसाला ते नावानं हाक मारत नसत. "ओ भाऊ, मानेवर शिबं उठले तुमच्या! घामाचं बनियन अंगावर वाळवू नका. बुरशी हाय ते, मलम लावा, जाते." बिचारा भाऊ कॉलर वर करून पळायचा. एखादी बाई गालावर फिकट चट्टे असलेलं पोर घेऊन चालली की, "जंताची गोळी देऊन राह्यली का? गालावर कुठी जंत चढतात वं! कातडी कोरडी पडली पोराची. तेल लाव." बाजारासाठी आलेल्या मजुरांना तर ते सरळ बसवून घ्यायचे. डोळे मिटायला लावायचे आणि फिकट डागावरून कोंबडीचं पीस फिरवायचे. "समजून राह्यलं का? कुठी फिरून राह्यलं सांग." समजलं की पाठीवर थाप. नाही समजलं की चप्पल घालून स्वतः त्याला सरकारी दवाखान्यात पोचवून यायचे. बधिर डाग म्हणजे कुष्ठरोगाची खूण, तो अंगावर ठेवून हिंडायचं नसतं, गोळ्यांनी बरा होतो, हे ते ज्याला-त्याला बजावत. एकदा त्यांनी ड्युटीवरच्या हवालदारालाही डोळे मिटायला लावले होते. हवालदारानं मिटले. पिसानं गुदगुल्या झाल्या आणि भर रस्त्यात तो असा काही फिदीफिदी हसला की पुढे बरेच दिवस त्यानं आमची गल्ली टाळली.

चुकायचेही भरपूर. पलीकडच्या घराच्या नव्या जावयाला त्यांनी दारातच अडवलं होतं. "कानामागं सुरू झालं भाऊ तुमचं. घाबरू नका, आमी हाओत." सासरची माणसं बाहेर आली, बायका कुजबुजायला लागल्या, नवी नवरी रडकुंडीला आली. जावयानं कानामागं बोट घासलं. चुना होता. सासऱ्याच्या घराला रंग देताना उडालेला. काकांना आठवडाभर त्या घरून पेपर वाचायला मिळाला नाही.

त्यांच्या स्वभावातली कडू गोष्ट एकच, पथ्य. तरुणपणी कुणा वैद्यानं पांढरं खाऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि या माणसानं दही, दूध, मुळा, भात सगळं सोडलं. बावचीचं तेल लावून उन्हात बसले, फोड येऊन सोलून निघाले. लग्नाकार्यात सगळे मठ्ठा पीत असताना हे पाणी प्यायचे. मग केव्हातरी अकोल्याच्या कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोडाचा आणि खाण्याचा काही संबंध नाही. शरीरातलं सैन्य आपल्याच रंगाच्या पेशींवर उठतं, त्याला दही काय करणार? काका तिथून निघाले ते थेट डेअरीत गेले आणि दुकानात उभ्या उभ्या दही प्यायले. "रडून राह्यलो होतो अन् पिऊन राह्यलो होतो," ते सांगायचे. "डेअरीवाल्याले वाटलं, दही आंबट झालं."

तेव्हापासून ते दर उन्हाळ्यात पांढरी पंगत घालायचे. दहीभात, मुळ्याची कोशिंबीर, खोबऱ्याची वडी, तांदळाची खीर. खाणाऱ्यांसाठी मासे, आणि मासे झाले की मुद्दाम दुधाचा पेला. मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड फुटतं असं सगळ्या गल्लीचं ठाम मत होतं. त्यामुळे पंगतीला माणसं यायची, खीर ओरपायची आणि दुधाचा पेला आला की घरी गॅस चालू राहिल्याचं आठवायचं. मी पंगतीला बसले त्या वर्षी दूध तोंडाला लावलं आणि काकांची पाठ वळताच पेला तसाच खाली ठेवला. मी पदवीधर. तरी ती भीती काही मनातून जाईना.

आता माझ्यावर येते. इथवरचं मी लोकांना हसवायला अनेकदा सांगितलं आहे. पुढचं सगळं कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला टिकलीच्या जागी खाज सुटायला लागली. एक दिवस आंघोळीनंतर आरशात पाहिलं तर दोन भुवयांच्या मधे फिकट गोल. टिकली लावली, झाकला गेला. काही महिन्यांनी तो टिकलीच्या कडेनं डोकावायला लागला, मी मोठी टिकली आणली. डाग वाढला, टिकली वाढली. घरी माझ्या लग्नाचं बघणं सुरू होतं. कपाळावर डाग म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी झोपतानाही टिकली काढेनाशी झाले.

ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही. ओट्यावरून सुटणं शक्य नव्हतं.

"काहून वं," एका सकाळी काकांनी हटकलं, "तुह्या टिकलीले सारखं प्रमोशन भेटून राह्यलं? आली तवा तिळाएवढी होती. आता रुपयाएवढी झाली."

मी हसून निघणार होते. तोंडावर हसू आलंच नाही. काकांनी हातानं बाजूला बसवलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, "काढ."

मी काढली. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला, परत चढवला. आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की जणू हरवलेला नातेवाईक सापडला.

"अवं ऐकलं का!" ते घरात ओरडले. "पोट्टीले निघालं! आपल्या गाडीत एक सवारी वाढली!"

मी ओट्यावरच रडायला लागले. काकू धावत आल्या, नवऱ्याला म्हणाल्या, "बयताड झाले का तुमी? थे रडून राह्यली अन् तुमी पेढे वाटता!" काका ओशाळले. पण आनंद त्यांच्यानं लपेना. इतकी वर्षं त्या घरात, त्या गल्लीत ते एकटेच होते ना. "रडू नको," ते म्हणत राहिले, "मी हाओ ना. मले सगळं माहीत हाय. काय लावाचं, उन्हात किती बसाचं, लोकं इचारते तवा काय सांगाचं. मी हाओ."

पुढच्याच आठवड्यात ते मला अकोल्याला घेऊन गेले. गाडीत खिडकीची जागा मला दिली. वाटेभर शिकवत होते, कुणी टक लावून पाहिलं तर उलट टक लावून पाहायचं वगैरे. माझं तिकडं लक्ष नव्हतं. माझं लग्न होणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरांनी डाग पाहिला, दिव्याखाली पाहिला, हातपाय तपासले आणि विचारलं, "टिकली कुठली लावता? आहे का जवळ?" मी पर्समधलं पाकीट दिलं. त्यांनी टिकलीची मागची बाजू बोटानं चाचपली. "या गोंदानं झालंय," ते म्हणाले. "काही जणींच्या कातडीला यातलं रसायन सोसत नाही, रंगाच्या पेशी मरतात. तुम्ही झाकायला जितकी मोठी लावलीत, तितका डाग मोठा झाला. टिकली बंद, मलम देतो. रंग हळूहळू भरून येईल. दुसरीकडं कुठं काही नाही."

"म्हणजे कोड नाही?" मी विचारलं.

"कोड म्हणावं असं मला दिसत नाही."

मी हसले. मोठ्यानं, दवाखान्यात शोभणार नाही असं. टाळी वाजवली बहुतेक. "सुटले बाई! मला वाटलं, आयुष्य गेलं!" असं म्हणाले. शब्द न् शब्द आठवतो. कारण त्यानंतर माझी मान वळली तेव्हा शेजारच्या खुर्चीवर काका होते, दोन्ही पांढरे हात गुडघ्यांवर ठेवून. तेही हसत होते. पण जरा उशिरा सुरू झालेलं हसू होतं ते.

"चला," बाहेर आल्यावर म्हणाले, "कोरीच निघाली तू." परतीच्या गाडीत त्यांनी कुणाचंच काही पाहिलं नाही. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेवर ढीगभर शिबं होती.

महिन्याभरात कारंज्याचं एक स्थळ सांगून आलं. त्यांना रिसोडला नातेवाइकांकडे यायचंच होतं, म्हणून मला तिथंच पाहायचं ठरलं. माझी खोली लहान, तर काकूंनी त्यांची बैठक दिली, पोहे स्वतः केले. माझा भाऊ आला. कपाळावरचा गोल अजून दिसत होता आणि टिकली लावायची नव्हती. मुलाच्या आईनं पहिल्यांदा तेच विचारलं. "हे काय? कोड तर नाही ना?"

मी उत्तर द्यायच्या आत काका दारातून आत आले. हातात पोह्यांच्या बशा होत्या. त्या त्यांनी सगळ्यांपुढं ठेवल्या आणि सदऱ्याची बाही थेट खांद्यापर्यंत वर केली.

"ताई, कोड असं असते. पाहा. दुधासारखं, कडा साफ, अन् एका जागी थांबत नाही. अन् हे पोरीचं पाहा, जिथं टिकली तिथंच, भुरकट. गोंदाचं हाय. मी सोता डॉक्टरकडं होतो. नीट पाहून घ्या दोन्ही. फरक कळून राह्यला का?"

ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, हात माझ्या कपाळाजवळ धरून. दुकानदार कापडाचे दोन तागे दाखवतो तसे. मुलाच्या आईनं दोन्हीकडं नीट पाहिलं. त्यांचं समाधान झालं. मला "हुशार दिसते मुलगी" म्हणाल्या. आणि समोरची पोह्यांची बशी त्यांनी एका बोटानं पलंगाखाली सरकवली.

मी पाहिलं. काकांनीही पाहिलं.

"तिखट झाले वाटते पोहे," ते म्हणाले. "आमची बायको मिरची टाकाले लागली का थांबतच नाही." बाही खाली करून ते आत गेले. मी खाली मान घालून बसले, नवरीनं बसावं तशी. सगळ्यांना वाटलं लाजते आहे.

लग्न ठरलं. बदली करून मी कारंज्याला गेले. कपाळ वर्षभरात पूर्ववत झालं. नवरा चांगला निघाला, सासूबाईही इतर बाबतीत वाईट नव्हत्या. रिसोडला मात्र मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. तिकडची एखादी मीटिंग आली तर दुसऱ्या कुणाला पाठवायचे. काका दिवाळीला फोन करायचे, मी कामात असायचे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या बोटांची टोकं पांढरी पडायला लागली. नववीत आहे. मी आधी तिच्या पेनांवर, साबणावर, नेलपॉलिशवर संशय घेतला. एकेक वस्तू फेकून दिली. घरात गोंद शोधत होते म्हणा ना. यावेळी गोंद नव्हता. डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत कोड सांगितलं. औषध, प्रकाशाचे उपचार सुरू केले. रंग परत येईल किंवा येणार नाही, धीर धरा, बाकी तिला काही धोका नाही, म्हणाले. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून हातात स्कूटीवर घालायचे मोजे चढवले. शाळेत, ट्यूशनला, शेवटी घरातही. वरणभात चमच्यानं खायला लागली. मी तिला लाख समजावलं. माझ्या समजावण्यात काहीतरी खोटं होतं आणि ते तिला कळत होतं. मोठ्या टिकल्या लावणारी बाई कुठल्या तोंडानं सांगणार?

तेव्हा एका रविवारी मी तिला घेऊन रिसोडची गाडी धरली.

काका ओट्यावरच होते. पार थकलेले, आणि बरेच पांढरे झालेले. मला लगेच ओळखलं. "ये वं ये!" म्हणाले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, शाळा विचारली. तिच्या मोज्यांकडं त्यांनी पाहिलंही नाही. समोरून मानेवर चट्टे असलेला एक माणूस गेला, त्यालाही हाक नाही. मी चकित होऊन काकूंकडं पाहिलं.

"सोडलं त्यायनं," काकू म्हणाल्या. "तू गेली तवापासून कोनाले टोकत नाहीत. पंगत बी बंद. म्या म्हनलं, गल्ली सुनी झाली, बोलत जा. त म्हनते, लोकायले घाबरवाचं कायले."

मला बसवेना. इतकी वर्षं जे गिळून ठेवलं होतं ते मुलीसमोरच बाहेर आलं. "काका, अकोल्याला मी हसले होते. तुम्ही शेजारी होता आणि मी सुटले म्हणून टाळी वाजवली."

"मंग? दवाखान्यात रडावं लागते का?"

"तुमच्यासमोर हसले."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "पोरी, मले जर डॉक्टरनं म्हनलं असतं ना का तुमचं गोंदाचं हाय, त मी त्याच्या टेबलावर चढून नाचलो असतो."

"टेबल मोडला असता," काकू म्हणाल्या.

"त्याचं काई नाही वाटलं," काका म्हणाले. "पोह्याचं वाटलं. तुह्या काकूनं सकायपासून उठून केले होते. बाहेरच्या बाईनं नाही खाल्ले, त नाही खाल्ले. तू बी नाही खाल्ले."

ते खरं होतं. सासूबाईंची बशी मला कायम आठवत आली. माझीही बशी तशीच राहिली होती, हे मी विसरून गेले होते. "चुकलं काका," एवढंच म्हणता आलं. त्यांनी हात हलवला, माशी उडवल्यासारखा.

मुलगी इतका वेळ ऐकत होती. अचानक म्हणाली, "आजोबा, तुम्ही सगळ्यांना रस्त्यात अडवून सांगायचात म्हणे. मला का नाही काही म्हणालात?"

"तू मोजे घालून बसली. लपवनाऱ्याले मी आता नाही इचारत."

तिनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. मग दातांनी एका मोज्याचं टोक ओढलं आणि हात सरळ त्यांच्या नाकापुढं धरला. काकांनी चष्मा चढवला, उतरवला, परत चढवला. आणि मग त्यांचा आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेला.

"अवं, जवळ ये लवकर! पोट्टीचे बोटं पाह्य! पाची बोटं कशी एका मापानं रंगवली! माह्यात त उजव्या-डाव्याचा मेळ नाही."

"आणि माझं तुमच्यापेक्षा पांढरं आहे," मुलगी म्हणाली.

"कायचं पांढरं? माहं पाह्य!"

"तुमचं जुनं झालंय. पिवळं पडलंय."

"पिवळं? म्हने पिवळं! अवं, सांग ना हिले!"

"मले सावलीत काय दिसते," काकू म्हणाल्या. "दोघं बी उन्हात या."

ती दोघं ओट्याच्या पायऱ्या उतरली, मुलीनं त्यांना धरून उतरवलं. भर गल्लीत, उन्हात, हातावर हात लावून भांडत उभी राहिली. दुसरा मोजा तिनं केव्हा काढला मी पाहिलं नाही. तेवढ्यात एक अनोळखी माणूस सायकल थांबवून बघायला लागला. मी घाईनं उठले, तिला आत घ्यायला. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. दोन्ही हात त्या माणसापुढं धरून म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा, कुणाचं जास्त पांढरं?"